हप्त्यावरचे गाणे

आषाढ सरत आला की पिंपळनेरच्या बाजारपेठेत दुपारनंतर निवांतपणा उतरतो. लग्नसराई संपलेली असते आणि पाड्यांवरून येणारे गिऱ्हाईक भातलावणीत गुंतलेले असते. पश्चिमेच्या डोंगररांगांवर ढग टेकतात, पांझरेला गढूळ पाणी येते आणि दुकानदार गल्ल्यावर बसून मागील हंगामाची उधारी चाळू लागतात.

अशाच एका दुपारी एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत नेहमीची मंडळी जमली होती. दुकानाचे मालक, ज्यांना घरात व बाजारात सारे काकासा म्हणतात, एक निवृत्त संगीतशिक्षक, शेजारचे औषधविक्रेते, आणि दुकानाचा हिशेब पाहणारा काकासांचा पुतण्या. गाठींच्या थप्पीला टेकून बसायचे, काकासांच्या वडिलांनी घेतलेल्या एचएमव्हीच्या पेटीवजा प्लेअरवर जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या आणि सूर्यास्तापूर्वी उठायचे, असा या बैठकीचा शिरस्ता. चातुर्मासात घरात चौविहार असतो. त्यामुळे बैठकीची वेळ कोणी लांबवीत नाही.

त्या दिवशी पुतण्याने मोबाईलवर एक चित्र दाखविले. नवा टर्नटेबल, वेगळा ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी. किंमत साठ हजार. “काकासा, व्याज नाही. बारा हप्ते, दरमहा पाच हजार. घेतल्याचे जाणवणारसुद्धा नाही.”

“जे घेतल्याचे जाणवत नाही, ते फेडताना जाणवते,” काकासा म्हणाले आणि त्यांनी विचारले, “हाच संच रोखीने घेतला तर?”

रोखीने तो पंचावन्न हजारांना मिळत होता. काकासांनी बिलबुकाच्या पाठीमागे आकडे मांडले. पंचावन्न हजारांची वस्तू, साठ हजारांची फेड. वर प्रक्रिया शुल्क निराळे. वरवर पाहता जादा पाच हजार म्हणजे नऊ टक्के. परंतु पंचावन्न हजार वर्षभर आपल्याकडे राहत नाहीत. पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल परत जाऊ लागते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तुतः काही गोष्टच नसते. व्याज नाहीसे होत नाही; ते कधी किमतीत लपते, तर कधी न मिळालेल्या सवलतीत.

“पण आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो,” पुतण्या म्हणाला. गुरुजींनी त्याची बाजू घेतली. छंद हा काही गुन्हा नव्हे, असे त्यांचे मत. त्यांनी पेटीतून अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची एक जुनी तबकडी काढून उजेडात धरली. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हापासून कित्येक वर्षे अशाच तबकड्या निघत. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर राग विस्तारणाऱ्या गवयाला तेवढ्यातच आलाप, बंदिश आणि तान बसवावी लागे. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. ती मिनिटाला सव्वातेहेतीस-साडेतेहेतीसच्या दरम्यान फेऱ्या घेई आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजे. “मर्यादा होती म्हणून गाणे बिघडले नाही,” गुरुजी म्हणाले. “काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्या मंडळींनी त्या तीन मिनिटांत शिकून घेतले.”

ताक घेऊन आलेल्या काकीसा दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्या जुन्या तबकड्या लाखेच्या ना? लाक्षावाणिज्य तर पंधरा कर्मादानांत येते.” खोलीत क्षणभर शांतता पसरली. गोष्ट खरी होती. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांमध्ये लाख हा मुख्य घटक असे, लाख किड्यांपासून मिळते आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत लाखेचा व्यापार गणलेला आहे. नंतरच्या विनाइल तबकड्या प्लास्टिकच्या. त्यांत लाख नाही. गुरुजी हसून म्हणाले, “म्हणजे वहिनी, लाँग प्लेला तुमची हरकत नाही.” काकीसा म्हणाल्या, “तबकडीला नाही. पण कानाचा विषय तो विषयच. त्याला माप हवे.”

माप हा शब्द औषधविक्रेत्यांना आवडला. मुंबईस खरेदीला गेल्यावर मूळजी जेठा मार्केटातील काम उरकून आपण व काकासा काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कसे जात असू, ते त्यांनी सांगितले. तेथील लहान कक्षांत उभे राहून तबकडी आधी ऐकता येई. मगच खिशात हात घालायचा. “तेव्हा काकासा किती ऐकत आणि घेत एकच!” ते म्हणाले. चाळीसच्या दशकातील ते दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाले. गाणे मोबाईलमध्ये आल्यावर गिऱ्हाईक रोडावले होते. पुढे ती वास्तू नीरव मोदी यांच्या कंपनीने घेतली; २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या कर्जव्यवहारांचे प्रकरण उघडकीस आले आणि सक्तवसुली संचालनालयाने केलेल्या जप्तीत ती अडकली. अनेक वर्षे कुलूप राहिले. अखेर २०२४ मध्ये तिची विक्री झाली. “जिथे लोक एक तबकडी घेण्यापूर्वी दहादा विचार करीत,” काकासा म्हणाले, “ती जागा कोणा दुसऱ्याच्या कर्जापायी बंद पडून राहिली.”

गुरुजींनी तोवर दुसरी तबकडी लावली होती. सुई खरखरली आणि मागोमाग बालगंधर्वांचा स्वर उमटला. पद संपेपर्यंत कोणी बोलले नाही. खानदेशाचे या स्वराशी जुने नाते आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांच्या बालपणीचा काही काळ जळगावात गेला आणि गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे गिरविले. आजही जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो.

“या गळ्याने किती कमावले असेल?” पुतण्याने विचारले.

“कमावले पुष्कळ,” गुरुजी म्हणाले, “आणि कर्जही पुष्कळ केले.” मग त्यांनी जे सांगितले, ते संगीतप्रेमींइतकेच व्यापाऱ्यांनीही लक्षात ठेवावे असे आहे.

१९१३ साली गणेश गोविंद बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ यांसारखी नाटके तुफान गाजली. पदांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. परंतु रंगभूमीवर जे दिसावे ते अस्सलच असावे, हा त्यांचा हट्ट. उंची वस्त्रे, किमती सजावट, अत्तरे. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे कलावंत. ‘एकच प्याला’तील फाटक्या वस्त्रांतील सिंधू ज्यांनी प्रेक्षकांना रडवून उभी केली, त्यांच्याच मंडळीचा खर्च राजेशाही होता. १९२१ मध्ये मंडळीची मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली, तेव्हा ती कर्जात बुडालेली होती. त्याच वर्षी ८ जुलै रोजी केशवराव भोसले यांच्यासह मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग करून त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी निधी उभारला. देशासाठी पैसा उभा राहत होता. घरचे कर्ज मात्र तसेच होते.

“मग बुडवले का त्यांनी?” औषधविक्रेत्यांनी विचारले.

“नाही. फेडले. सुमारे सात वर्षे लागली, पण प्रयोगांच्या उत्पन्नातून फेडले.” गुरुजी थांबले. “गोष्ट इथेच संपती, तर बरे झाले असते. परंतु फेड झाल्यावर खर्चाची सवय तीच राहिली. नंतर बोलपट आले, नाटकाचा प्रेक्षक पांगला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पण तेथे मन रमले नाही आणि ते रंगभूमीकडेच परतले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मान अखेरपर्यंत लाभला. आर्थिक स्वस्थता मात्र लाभली नाही.”

काकासा हळूच म्हणाले, “म्हणजे कर्ज फेडणे वेगळे आणि कर्जातून सुटणे वेगळे.”

पुतण्या बराच वेळ गप्प होता. प्लेअर थांबला, तरी त्याने तबकडी उचलली नाही. मग खाली मान घालून त्याने सांगितले की, नवा संच ही नंतरची गोष्ट. क्रेडिट कार्डावर आधीचेच चाळीस हजार बाकी आहेत. गेल्या दिवाळीत मुंबईहून व पुण्याहून काही ध्वनिमुद्रिका मागविल्या. त्यांतील काही दुर्मीळ होत्या. त्या दिवशी न घेतल्या तर पुन्हा मिळणार नाहीत असे वाटले. मग एक फोनो प्री-ॲम्प्लिफायर आला, मग मांडणी. तेव्हापासून तो दरमहा ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरत होता. “दोन हजार जात राहतात, काकासा. पण बाकी हलतच नाही.”

खोलीतील कोणी रागावले नाही. काकासांनी बिलबुकाचे नवे पान उलटले आणि त्यालाच आकडे सांगायला लावले. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के. चाळीस हजारांवर एका महिन्याचे व्याज चौदाशे. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोनशे बावन्न. दोन्ही मिळून सोळाशे बावन्न. भरलेल्या दोन हजारांतून मुद्दलात गेले अवघे तीनशे अठ्ठेचाळीस. शिवाय जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी व्याज त्याच दिवसापासून सुरू.

“महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस,” औषधविक्रेते चकित होऊन म्हणाले. “यावर काही कायदा नाही?”

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरील व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. मर्यादा बाहेरून येणार नसेल तर ती स्वतःच घालावी लागते. ज्या कुळांत पूर्वी सावकारी होती, त्यांच्या जुन्या वह्यांतही एवढा दर क्वचितच सापडेल.

“दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून हे भरून टाकू का?” पुतण्याने विचारले. “तिथे दर निम्म्याहूनही कमी आहे.”

काकासांचा स्वर प्रथमच कडक झाला. “तो गल्ला घराचा नव्हे.” मग त्यांनी शांतपणे समजावले. दुकान बँकेकडून रक्कम घेते, त्यातून माल येतो, माल विकला जातो आणि त्या विक्रीतून व्याज व मुद्दल दोन्ही सुटतात. आपल्याकडून साडी-धोतर उधार नेणारा शेतकरीही कांदा विकून पैसे देईल, या हिशेबावर उधारी चालते. व्यापाराच्या कर्जापाठीमागे माल उभा असतो. छंदाच्या कर्जापाठीमागे काहीच उभे नसते. गाणे ऐकून झालेले असते आणि हप्ता पुढच्या महिन्यातून, म्हणजे अद्याप न कमावलेल्या दिवसांतून द्यायचा असतो. ज्या दिवशी घरखर्च कॅश क्रेडिटच्या खात्यात शिरतो, त्या दिवशी मालाचा साठा व बँकेची बाकी यांचा मेळ तुटतो. नफा कमी पडल्याने जितकी दुकाने बुडाली, त्याहून कमी दुकाने अशा खर्चाने बुडाली नसतील.

“तुझ्या नावावर मुदत ठेव आहे ना?” काकीसांनी विचारले. पन्नास हजारांची ठेव होती, सात टक्क्यांची. ठेव मोडणे म्हणजे घराण्याला कमीपणा, अशा समजुतीने त्याने तिला हात लावला नव्हता. ठेवीवर महिन्याला सुमारे दोनशे नव्वद रुपये मिळत होते आणि कार्डाला महिन्याला सोळाशे बावन्न जात होते. एका हाताने पाणी भरायचे आणि दुसऱ्या हाताने सहापट सांडायचे, असा तो संसार चालला होता. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापील. त्याची तुलनाच नको. ठेव मोडून कार्डाची पूर्ण बाकी त्याच आठवड्यात भरायची, असे ठरले. उरलेल्या रकमेला हात लावायचा नाही. कार्डाला जाणारे दोन हजार आता दरमहा आवर्ती ठेवीत जायचे. म्हणजे दोन वर्षांत मोडलेली ठेव पुन्हा उभी राहील.

“आणि हे घरात सांगायचे,” काकीसा म्हणाल्या. “चाळीस हजार फिटतील. पण लपविलेली गोष्ट आणखी मोठी होत जाते.” पुतण्याच्या पत्नीला त्यातले काही ठाऊक नव्हते. त्याने मान डोलावली. त्या क्षणी व्याजाच्या आकड्यांपेक्षा हीच गोष्ट त्याला जड वाटत होती.

बोलणे मग सकाळच्या प्रवचनावर आले. स्थानकात चातुर्मासासाठी विराजमान साध्वीजींनी उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा घेतली होती. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात आणि गायींचे चार व्रज. भगवान महावीरांकडून त्याने श्रावकव्रते घेतली, तेव्हा असलेले सारे टाकून दिले नाही. इच्छेला मर्यादा घातली. इतके आहे, याहून अधिक नको. काकासांना त्यातील व्यापारी बारकावा भावला होता. संपत्तीचे तीन भाग: एक राखीव, एक फिरता, एक संसाराचा. संसाराचा खर्च संसाराच्या भागातून. त्या वहीत दुसऱ्याच्या पैशाने भोगावयाचे चौथे खाते नाही.

“परिग्रहाचे परिमाण हे गरिबाचे व्रत नव्हे,” काकासा म्हणाले. “ज्याला घेता येते, त्यानेच ते घ्यायचे असते. आणि आजकाल हप्त्यांमुळे ज्याला घेता येत नाही, त्यालाही घेता येते असे वाटू लागले आहे.”

पुतण्याने आपल्या तबकड्या मोजल्या होत्या. एकशे बारा. त्यांतील कित्येक एकदाही पूर्ण ऐकलेल्या नव्हत्या. पाकिटावरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. चातुर्मासाचा नियम म्हणून त्याने ठरविले की, शंभरांहून अधिक तबकड्या ठेवायच्या नाहीत, या चार महिन्यांत नवी घ्यायची नाही आणि पुढेही जी येईल ती रोखीने, जुनी एक देऊनच. बारा कोणत्या द्यायच्या यावर मात्र वाद झाला. गुरुजींनी चार घेण्याची तयारी दाखविली आणि लगेच पाकीट काढले. पुतण्या पैसे घेईना. “गुरुजी, तुमच्याकडून कसे घेऊ?” गुरुजी म्हणाले, “मग मी उधारीवर नेली असे होईल. या खोलीत आज ते चालणार नाही.” पैसे घेतले गेले. रोजमेळात नव्हे, पुतण्याच्या स्वतःच्या वहीत जमा झाले.

नव्या संचाचे काय, हा प्रश्न राहिलाच. त्याचेही उत्तर कोणी नाही असे दिले नाही. ठेव पुन्हा उभी राहिल्यावर त्याच दोन हजारांची दुसरी आवर्ती ठेव सुरू करायची. आणखी दोन-सव्वादोन वर्षांत संचाची रोख किंमत जमेल, आणि तोपर्यंत इच्छा टिकली तर संच रोखीने, सवलतीसह घ्यायचा. टिकली नाही, तर रक्कम हातात राहील. तोवर एचएमव्हीच्या पेटीची सुई बदलायची आणि तबकड्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवायच्या, म्हणजे त्या वाकणार नाहीत. त्यासाठी दुकानातील कापडाची रिकामी खोकी पुरेशी होती.

पावसाची एक सर येऊन गेली. डोंगरामागे प्रकाश उतरू लागला तसे काकीसांनी आतून बोलावणे पाठविले. सूर्यास्ताला अर्धा तास उरला होता. औषधविक्रेते उठले, गुरुजींनी चार तबकड्या छत्रीआड धरल्या. बिलबुकाचे ते पान काकासांनी फाडले नाही; घडी घालून पुतण्याच्या हातात दिले. “सोमवारी बँकेत जाताना बरोबर ने,” ते म्हणाले, “आणि आज रात्री सूनबाईंना दाखव.”

पुतण्याने प्लेअरचे झाकण लावले, तबकडी पाकिटात घातली आणि पान खिशात ठेवून तो घराकडे निघाला.